टरफलांचा धनी

आमच्या घरी भुईमुगाचे टरफल कधी टाकून दिलेले मला आठवत नाही. गाव कागल तालुक्यातले. शेती म्हणावी तर वीस गुंठे, आणि अण्णा शेंगा फोडायच्या मशीनवर हमाल. सुगी झाली की मशीनच्या मागे माणसाच्या उंचीपेक्षा मोठा ढीग लागायचा. मालकाला तो ढीग म्हणजे डोकेदुखी. वाऱ्याने उडे, पावसात कुजे, जागा अडवी. त्यामुळे गल्लीतल्या बायकांनी पोती भरून नेली तर त्याला बरेच वाटे. त्या टरफलांवर आमच्या बंबात आंघोळीचे पाणी तापे. पत्र्याच्या शेगडीत मधोमध बाटली उभी धरायची, भोवती टरफलाचा चुरा ठासून भरायचा आणि बाटली अलगद वर काढून घ्यायची. मग त्या पोकळीतून असा एकसारखा जाळ धरे, की आईच्या सगळ्या भाकऱ्या होऊन वर आमटीला कढ येई.

शाळेत गुरुजींनी टिळकांची शेंगांची गोष्ट सांगितली, तेव्हा सारा वर्ग भारावून गेला. ज्याने शेंगा खाल्ल्या नाहीत त्याने टरफले का उचलावीत, हा बाणेदारपणा मलाही पटला. पण राहून राहून एक शंका मनात येत होती. एवढ्या पोरांपैकी एकालाही ती टरफले घरी न्यावीशी कशी वाटली नाहीत?

मी अकरावीत गेले त्या वर्षी मशीनच्या मागे ट्रक लागू लागला. टरफले दळायची, वाळवायची आणि यंत्रात दाबून त्यांच्या मनगटाएवढ्या कांड्या करायच्या. त्यांना पांढरा कोळसा म्हणतात आणि तो बॉयलरमध्ये दगडी कोळशाच्या जागी जळतो. टरफलाला भाव आला. मालकाने ढिगाभोवती तारेचे कुंपण घातले. त्यात त्याचे काही चुकले असे मी म्हणणार नाही, माल त्याचा. पण आईचे जळण गेले. घरात गॅसची टाकी आहे, ती पाहुणे आले म्हणजे पेटते.

त्याच सुट्टीत गावच्या वाचनालयातून मी वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ आणले. १९८१ साली निघालेल्या या पुस्तकाची ओळख आपल्या वाचकांना करून देण्याचे कारण नाही. भुईमुगापासून तीनशे वस्तू करणारा माणूस, एवढे ऐकून मी ते उघडले ते एकाच आशेने, की यात टरफलांचे काहीतरी असेल. पुढे कॉलेजात आल्यावर इंग्रजीच्या सरांनी ग्रंथालयातून आणखी दोन पुस्तके काढून दिली. शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचायला मला सारा पावसाळा लागला. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते. काही ठिकाणी माझा हिरमोड झाला, तोही लपवत नाही.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही, खुद्द त्यांनाही नव्हती. (माझ्या आज्जीलाही नाही. अण्णांची दाखल्यावर १ जून आहे, आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचीही १ जूनच!) १८६४ च्या आसपास, अमेरिकेतील मिसुरी राज्यात, डायमंड ग्रोव्ह या वस्तीजवळ मोझेस कार्व्हर नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यावर, मेरी या गुलाम स्त्रीच्या पोटी ते जन्मले. यादवी युद्धाचे ते धामधुमीचे दिवस. दरोडेखोरांच्या टोळीने तान्ह्या जॉर्जला आईसकट पळवून नेले. मोझेसने शोधायला माणूस धाडला. मूल मिळाले, आई मिळाली नाही, ती कधीच मिळाली नाही. शोधून आणणाऱ्याला मोझेसने एक घोडा दिला असे सांगतात. एका घोड्याच्या मोबदल्यात परत आलेला हा जीव इतका अशक्त होता, की शेतातली कामे त्याच्याच्याने होईनात. म्हणून तो घरात राहिला आणि मोझेसच्या बायकोजवळ, सुझनजवळ, स्वयंपाक, धुणे, शिवण, विणकाम शिकला. १८६५ साली गुलामगिरी संपली, तरी जॉर्ज आणि त्याचा भाऊ जेम्स त्यांच्याच घरी वाढले. रानातली रोपे आणून लावायची, मरतुकडे झाड जगवायचे, याचा त्याला असा नाद, की आजूबाजूचे लोक त्या पोराला झाडांचा वैद्य समजू लागले.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. ज्या शाळेत होता ती काही मैलांवरच्या निओशो गावात. जॉर्ज चालत तिथे गेला. मरायाह वॉटकिन्स नावाच्या सुईणीने त्याला आसरा दिला. ती लोकांचे धुणे धुई. सुट्टी झाली की हाही तिच्या शेजारी उभा राहून कपडे घोळसायचा. शिकून आपल्या माणसांकडे परत जा, हे तिने त्याच्या मनावर बिंबवले. पुढची दहा-बारा वर्षे म्हणजे नुसती भ्रमंती. कॅन्सास राज्यातल्या एका गावी १८७९ मध्ये जमावाने एका काळ्या माणसाला ठार केलेले त्याने डोळ्यांनी पाहिले, आणि त्या गावात तो राहिला नाही. जिथे शाळा मिळे तिथे राहायचे, लोकांचे कपडे धुऊन पोट भरायचे, आणि शाळा संपली की पुढचे गाव. याच काळात एका गावात दुसरा एक जॉर्ज कार्व्हर निघाला आणि पत्रांची अदलाबदल होऊ लागली, म्हणून याने आपल्या नावात एक आद्याक्षर घातले. लोकांनी त्याचा वॉशिंग्टन केला.

यानंतर हायलंडची हकीकत येते. ती वाचून मी पुस्तक मिटले होते. कॅन्सासमधल्या हायलंड येथील महाविद्यालयाने १८८५ मध्ये त्याचा अर्ज मंजूर केल्याचे पत्राने कळवले. जॉर्ज सारे आवरून तिथे हजर झाला. समोर उभा राहिलेला विद्यार्थी काळा आहे हे पाहताच त्याला प्रवेश नाकारण्यात आला. अर्ज तोच, गुण तेच. कागदावर चालणारा मुलगा दारात चालला नाही. मी कोल्हापुरात पहिल्या दिवशी आले तेव्हा अण्णा फाटकाबाहेरच थांबले होते. आत यायला त्यांना कोणी मनाई केली नव्हती, तरी ते आले नाहीत. आज मी ज्या शहरात वसतिगृहात राहून शिकते, तिथे शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली, आणि १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या. हायलंडची तारीख आणि या तारखा मी वहीत एकाखाली एक लिहून ठेवल्या आहेत.

जॉर्जने मग सरकारी पडीक जमिनीचा तुकडा घेऊन मातीच्या ढेपांचे घर बांधले आणि काही वर्षे शेती केली. पुन्हा शिक्षणाची वाट धरली ती १८९० मध्ये, आयोवा राज्यातील सिम्प्सन महाविद्यालयात, चित्रकला आणि पियानो शिकण्यासाठी. वय सव्वीसच्या आसपास. म्हणजे मी आता जिथे आहे तिथे पोचायला त्यांना माझ्यापेक्षा सात वर्षे जास्त लागली. (इथून पुढे त्यांना अहो-जाहो म्हणावेसे वाटते.) त्यांची फुलापानांची चित्रे पाहून एटा बड या शिक्षिकेने ओळखले, की या मुलाला झाड नुसते दिसत नाही, कळते. काळ्या माणसाचे चित्रांवर पोट भरणार नाही, ही चिंताही तिला होतीच. तिच्या आग्रहाने ते १८९१ मध्ये एम्स येथील कृषी महाविद्यालयात गेले. तिथले ते पहिले काळे विद्यार्थी. १८९४ मध्ये पदवीधर, १८९६ मध्ये पदव्युत्तर, आणि तिथलेच पहिले काळे शिक्षक. चित्रकला मात्र सुटली नाही. त्यांचे निवडुंगवर्गातल्या फुलांचे चित्र १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडले गेले. विवेकानंद बोलले ते त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या परिषदेत. हे मला आमच्या इतिहासाच्या बाईंनी लक्षात आणून दिले.

एम्समध्ये सन्मान होता, बुरशीजन्य रोगांवर संशोधन चालू होते. ते सारे सोडून १८९६ च्या अखेरीस ते दक्षिणेत, अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे गेले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी काळ्या मुलांसाठी काढलेली ही संस्था. शेतकी विभागाचे प्रमुखपद होते, पण प्रयोगशाळा नव्हती. तेव्हा कार्व्हरांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेतले आणि गावाचे उकिरडे पालथे घातले. फुटक्या बाटल्या, डबे, झाकणे, तारा, जुने दिवे, जे मिळेल ते उचलून आणले. बाटलीचा गळा कापला की चंचुपात्र, जुन्या दिव्याचा झाला बर्नर. टरफलांपासून कोळसा आणि पुठ्ठा करू पाहणाऱ्या माणसाची प्रयोगशाळाच आधी कचऱ्यातून उभी राहिली होती, ही गोष्ट मला तीनशे वस्तूंच्या यादीपेक्षा मोठी वाटते.

त्यांनी काढलेली पहिली पुस्तिका, १८९८ सालची, तीही पाहा कशावर होती. ओक नावाच्या झाडाखाली रानात कठीण कवचाच्या बिया पडून कुजत, त्या डुकरांना आणि इतर जनावरांना खाऊ घालण्यावर! ज्याच्याजवळ पेंड घ्यायला पैसा नाही, पण रानात पडलेले वेचायला हात आहेत, अशा शेतकऱ्यासाठी ती लिहिली होती. आयुष्यभरात त्यांनी चाळीसच्या वर पुस्तिका काढल्या. त्या वाचणारा शेतकरी जेमतेम अक्षर ओळखणारा, म्हणून भाषा साधी. जो वाचू शकत नव्हता त्याच्याकडे ते स्वतः गेले. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या जेसप नावाच्या धनिकाच्या देणगीतून घोडागाडी तयार झाली. तीत अवजारे, बियाणे, लोणी काढायचे यंत्र घालून गाडी खेडोपाडी फिरे आणि शेताच्या बांधावर वर्ग भरे. शेतकऱ्यांनी लगेच विश्वास ठेवला असे मात्र नाही. आपल्याकडेही लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने तो कोणी घेईना. शेतकरी तिथला काय, इथला काय, आधी शेजाऱ्याच्या रानात काय होते ते बघणार.

अलाबामाची जमीन पिढ्यानपिढ्या कापूस घेऊन निःसत्त्व झाली होती. कार्व्हरांनी पालापाचोळा, ओढ्याकाठचा गाळ, स्वयंपाकघरातला कचरा यांचे खत केले आणि पिकांचा फेरपालट शिकवला. चवळी, रताळे आणि भुईमूग. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे आज आपण आठवीत शिकतो. पुढे बोंडअळीसारखा एक सोंडकिडा मेक्सिकोकडून सरकत आला आणि १९१० नंतर त्याने अलाबामाचा कापूस खाल्ला, तेव्हा भुईमुगाकडे वळण्यावाचून अनेकांना गत्यंतर उरले नाही. १९१६ मध्ये कार्व्हरांनी भुईमूग कसा लावावा आणि खाण्यासाठी तो १०५ प्रकारांनी कसा करावा याची पुस्तिका काढली. गांधीजींशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला, आणि तोही आहाराविषयीच.

आता टरफले. शंभर किलो शेंगा फोडल्या तर सत्तरच्या आसपास दाणे निघतात आणि तीसच्या आसपास टरफल. दाण्याला, तेलाला, पेंडीला गिऱ्हाईक होते. या उरलेल्या तीस टक्क्यांना नव्हते. कार्व्हरांच्या नावाने जी यादी प्रसिद्ध आहे तीत टरफलांपासून केलेले भिंतीचे तक्ते आहेत, उष्णता अडवणारे फळे आहेत, टरफलांचा कोळसा आहे, जळणाच्या विटा आहेत, जमीन भुसभुशीत करणारे खत आहे. यामागचे गमक लाकडाचेच. टरफलात लाकडासारखे तंतू असतात आणि त्या तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा चिकट पदार्थ असतो. टरफल दळून मोठ्या दाबाखाली ढकलले की घर्षणाने ते तापते, लिग्निन मऊ होते, आणि थंड झाल्यावर तेच खळीसारखे घट्ट बसते. आमच्या ट्रकातून जाणारा पांढरा कोळसा याच तत्त्वावर होतो; त्यात डिंक नाही, डांबर नाही. सुटे टरफल भरभर पेटून भरभर विझते. तेच दाबले की आठ-दहा पट कमी जागेत मावते आणि संथ जळते. हवा न देता जाळले तर कोळसा उरतो. कठीण कवचाचा कोळसा तर असा सच्छिद्र, की तो विषारी वायू शोषून घेतो. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, अमेरिकेत शाळकरी मुलांनी अक्रोडाची कवचे आणि पीच फळाच्या आठ्या पोत्यांनी गोळा केल्या होत्या. त्यांचा कोळसा सैनिकांच्या वायुमुखवट्यांत गेला. नारळाच्या करवंटीचा कोळसा पाणी गाळण्यासाठी आजही वापरतात.

कार्व्हरांचे नाव देशभर झाले ते जानेवारी १९२१ मध्ये. परदेशी भुईमुगावर जकात बसावी म्हणून पिकवणारे आणि गिरणीवाले वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे गेले, आणि बोलायला त्यांनी या काळ्या प्राध्यापकाला उभे केले. गोऱ्या उत्पादकांनी, त्या काळी! वेळ दहा मिनिटांची. सुरुवातीला काही सभासदांनी थट्टा केली, ती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि पेटीतून एकेक बाटली, एकेक डबी काढून मांडत गेले. वेळ वाढवून दिली गेली, ती पुन्हा पुन्हा वाढली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात भुईमुगावर जकात आली.

इथवर सारे आपल्याला ठाऊक असलेल्या कार्व्हरांसारखेच आहे. हिरमोड झाला तो यापुढे. तीनशे वस्तूंच्या यादीत कितीतरी तर खाण्याच्या पाककृती आहेत, आणि एकाच वस्तूचे प्रकार वेगवेगळे मोजलेले आहेत. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले असे आपल्याकडे सर्रास सांगतात. ते त्यांच्या आधीपासून होते. एकस्व त्यांनी तीनच घेतली, १९२५ ते १९२७ मध्ये, तीही प्रसाधने आणि रंग यांसाठी. भुईमुगापासून केलेल्या एका औषधाची कंपनी निघाली, ती चालली नाही. टरफलांचे तक्ते त्यांनी केले, पण त्यांचा कारखाना उभा राहिला नाही. कृती कागदावर उतरवण्याचा त्यांना कंटाळा. त्यामुळे त्यांच्यामागे पुष्कळशा वस्तू नुसत्या यादीत राहिल्या. दक्षिणेत भुईमूग पसरला त्याला किडीचा आणि युद्धकाळात तेलाला आलेल्या मागणीचा हातभार मोठा होता. कारभारातही ते फारसे हुशार नव्हते. संस्थेचा कोंबड्यांचा वाडा त्यांच्याकडे होता, त्याच्या नोंदींवरून बुकर वॉशिंग्टन यांच्याशी त्यांचे खटके उडत आणि राजीनाम्याची भाषा होई.

हे वाचून चार दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. ज्या माणसाच्या जोरावर मी मशीनमालकाच्या ढिगाकडे बघत होते, त्याची टरफले यादीतच राहिली! सरांकडे पुस्तक परत करायला गेले तेव्हा त्यांनी एवढेच सुचवले, की वस्तू मोजण्याऐवजी पुस्तिका कोणासाठी लिहिल्या ते मोजून बघ. मी पुन्हा पाहिले. कार्व्हरांच्या काळात शेतीमालापासून कारखान्यासाठी कच्चा माल काढावा असे म्हणणारे मोठमोठे उद्योगपती होते. हेन्री फोर्ड त्यांचे स्नेही झाले, म्हातारपणी जिना चढवेना म्हणून त्यांच्यासाठी टस्कीगीत लिफ्ट बसवून दिली. फोर्ड यांची नजर कारखान्यावर होती. कार्व्हरांच्या पुस्तिका मात्र अखेरपर्यंत ज्याच्या अंगणात कचरा पडला आहे त्याच्यासाठीच होत्या. जवळच्या टेकडीची रंगीत माती गाळून खोपटाच्या भिंती रंगवा, रानातल्या बियांवर डुकरे पोसा, पाल्याचे खत करा. विकत काहीच घ्यायचे नाही. यातल्या एकाही गोष्टीला एकस्व लागत नाही, आणि एकाही गोष्टीवर कंपनी निघत नाही.

टाकाऊ वस्तू उपयोगी झाली की तिला किंमत येते, आणि किंमत आली की तिला धनी येतो. माझी खोलीतली सोबतीण आजऱ्याकडची. आजरा-चंदगड हा आपल्या जिल्ह्यातला काजूचा मुलूख. काजूच्या कवचात एक काळसर, जळजळीत तेल असते. ते रंगात, व्हार्निशात आणि मोटारीच्या ब्रेकच्या अस्तरात लागते म्हणून त्याला बाजारात मागणी आहे. तेच तेल सोबतिणीच्या आईच्या बोटांना लागते. हाताला गोडेतेल आणि राख लावून ती काजू फोडते, तरी सणासुदीला तिच्या हातावर मेंदी धरत नाही, कारण कातडीच जागेवर नसते. कवचातून तेल काढणाऱ्याला पैसे मिळतात, ते रास्तच आहे. पण त्या तेलाने भाजणारीच्या वाट्याला त्यातले काय येते, हा हिशेब मला कोणत्याही यादीत सापडला नाही. नाही म्हणायला आपल्याच महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने उसाच्या पाचटापासून खेड्यातच कोळशाच्या कांड्या करण्याची रीत बसवली, आणि तिला २००२ मध्ये इंग्लंडचे ॲशडेन पारितोषिक मिळाले. पाचट रानात आणि भट्टीही रानातच, अशी ती रीत आहे.

कार्व्हरांनी लग्न केले नाही. टस्कीगीत ते शेचाळीस वर्षे राहिले. जास्त पगाराची बोलावणी आली, ती त्यांनी नाकारली. कोटाच्या काजात रोज ताजे फूल, आणि कोट मात्र वर्षानुवर्षे तोच. पगाराचे धनादेश खणात पडून राहत असे सांगतात. साठलेला पैसा त्यांनी १९४० मध्ये काढलेल्या संशोधन प्रतिष्ठानाला दिला. मृत्यूनंतर उरलेलाही तिकडेच गेला, सारे मिळून साठ हजार डॉलरच्या आसपास. जिन्यावरून पडण्याचे निमित्त झाले आणि ५ जानेवारी १९४३ रोजी ते वारले. बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारी त्यांना पुरले. त्याच वर्षी अमेरिकेने त्यांचे जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक केले. काळ्या माणसाच्या नावाचे ते पहिलेच. १९४७ मध्ये टस्कीगीच्या संग्रहालयाला आग लागली आणि त्यांची बरीचशी चित्रे जळाली. निवडुंगाचे मात्र वाचले.

या दिवाळीच्या सुट्टीत मी मशीनमालकाकडून टरफलाची दोन पोती विकत आणली. आईला ते अजिबात रुचले नाही; ज्याला कधी पै मोजली नाही त्याला पैसे मोजायचे म्हणजे काय, म्हणून ती दिवसभर धुसफुसत होती. अण्णांनी मात्र काही न बोलता उखळ धुऊन दिले. टरफले कुटली. निम्म्या चुऱ्यात शेण कालवले, निम्म्यात भाताची पेज, आणि गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यात दाबून वड्या पाडल्या. आमच्याजवळ यंत्र नाही, त्यामुळे लिग्निन मऊ होण्याइतका दाब कुठला यायचा! चार दिवस माळवदावर वाळवल्या. पेजेच्या निम्म्या वड्या उचलताना फुटल्या. शेणाच्या टिकल्या, पण धूर फार झाला. तरी दोन माणसांच्या आंघोळीचे पाणी अकरा वड्यांत तापले. सुट्या टरफलाला सबंध टोपले लागते. हे मी पुस्तिकेसारखे वहीत लिहून ठेवले आहे, तारखेसकट. आईने ते वाचून घेतले, म्हणजे मी वाचले आणि तिने ऐकले. पेज पातळ झाली होती असे तिचे मत पडले. पुढच्या खेपेला ती नाचणीची खळ करून देणार आहे.